अर्जातली मुलगी

परवा रात्री भाचीने दोन फाईली पाठवल्या. मेसेज एवढाच, "मावशी, इंग्रजी बघ फक्त, मजकूर बदलू नको प्लीज, कन्सल्टंटने फायनल केलाय." पहिली फाईल म्हणजे अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीसाठीचा एसओपी, म्हणजे हाच विषय का शिकायचाय ते सांगणारा निबंध, दोन पानं, ओळी एकमेकींना चिकटलेल्या. त्यात ती भूजलाबद्दल लिहिते, खडकातल्या भेगांमधून पाणी किती हळू झिरपतं आणि ते मोजायला किती धीर लागतो, आणि शेवटी लिहिते की पुढची कित्येक वर्षं मला याच प्रश्नावर, तुमच्याच ग्रुपबरोबर, तुमच्याकडच्या कोरड्या खोऱ्यांमध्ये काम करायचंय. दुसरी फाईल ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाच्या प्रश्नांची, दर उत्तराला १५० शब्दांची मर्यादा. त्यात हीच मुलगी लिहिते की आईबाबा इथे आहेत, मी एकुलती एक आहे, इथे याच क्षेत्रात नोकऱ्या आहेत आणि शिकून झालं की परत येऊन इथेच काम करायचा माझा पक्का विचार आहे. इंग्रजी दोन्हीकडे चांगलं होतं. एकदोन आर्टिकलं दुरुस्त केली, एक कॉमा हलवला आणि फोन केला, की छान आहे, पाठवून दे. ती म्हणाली, "ते झालं गं, पण यातली मी कुठली?" आणि हसून, कुणाचा तरी दुसरा कॉल येतोय म्हणून ठेवून दिला.

तिने गंमतीत विचारलं होतं. मी मात्र ते डोक्यात घेऊन बसले.

कारण ती खोटं कुठेच बोललेली नव्हती. भूजलाचं तिला खरंच वेड आहे, जेवताना भिंतीवरची ओल बघून त्यावर बोलणारी मुलगी आहे ती. आणि आईबाबांची ती एकटीच आहे आणि त्यांना सोडून जाताना तिचं काय होणार आहे हे मला आत्ताच दिसतंय. पण दोन्ही फाईली शेजारीशेजारी उघडल्या की वाटतं, दोन वेगळ्या मुलींचे अर्ज आहेत, एकीचा पाय घरात ठरत नाहीये आणि दुसरीचा घरातून निघत नाहीये, आणि दोघींनी चुकून एकच पासपोर्ट नंबर टाकलाय.

यात कन्सल्टंटचा दोष आहे असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि थोडा आहेच, पण मूळ गाठ नियमातच आहे. अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशनचा कायदा आहे, त्यातलं २१४(बी) हे कलम व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला, बाकी काही नाही तरी एवढं, तोंडपाठ असतं. त्याचा अर्थ असा की समोर आलेला माणूस कायमचा राहायलाच आलाय असं धरून चालायचं, आणि तसं नाहीये हे त्याने पटवून द्यायचं. स्टुडंट व्हिसाच्या व्याख्येत तर सरळ आहे की मायदेशी घर हवं आणि ते सोडायचा इरादा नको. इकडे युनिव्हर्सिटीच्या कमिटीला काय हवं असतं, तर झोकून देणारा माणूस. पाच-सहा वर्षं लॅबमध्ये गाडून घेणारा, त्या विषयात नाव काढणारा. एकाच देशाची दोन दारं, एका दारात सांगायचं की मी आले, दुसऱ्या दारात सांगायचं की मी निघालेच. कॅनडाचा कायदा त्यातल्या त्यात बरा वाटतो मला, त्यांनी लिहूनच ठेवलंय की माणसाच्या मनात पुढे कायमचं राहायचं असलं तरी तो आत्ता तात्पुरता येऊ शकतो, फक्त मुदत संपली की निघेल एवढं अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. दोन्ही इरादे एका डोक्यात असू शकतात हे कुणीतरी कायद्यात लिहिलं, मला त्या माणसाला भेटायला आवडेल. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पर्यंत 'तुम्ही तात्पुरतेच येताय ना' हेच थेट नावात घातलं होतं, मग ते काढून 'तुम्ही खरे विद्यार्थी आहात ना' असं केलं. नाव बदललं, पण घरची माणसं, समाज, नोकरी यांच्याशी तुमचं काय नातं आहे हा प्रश्न आहेच, आणि कन्सल्टंट लोकांची जुनी उत्तरंही आहेतच. आईवर किती प्रेम आहे ते १५० शब्दांत, कुटुंबाची आर्थिक परिस्थितीही त्याच १५० मध्ये.

मी अमेरिकेला अर्ज केले ते २००८ च्या हिवाळ्यात. वाईट वेळ होती, तिकडे बँका कोसळत होत्या आणि फंडिंगचं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ते कळण्याएवढी अक्कल आम्हाला नव्हती, आम्ही जीआरईचे, म्हणजे तिकडच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, शब्द पाठ करण्यात बुडालेलो. तेव्हा जीआरईत विरुद्धार्थी शब्द विचारायचे, नुसता एक शब्द आणि खाली पाच पर्याय, संदर्भ नाही, वाक्य नाही. ते प्रश्न २०११ मध्ये गेले. आता अख्खी परीक्षाच दोन तासांच्या आत आटपते म्हणे, आमच्या वेळी उठेपर्यंत पाठ धरायची. पण मला त्या परीक्षेतलं सगळ्यात जास्त आठवतं ते शेवटचं पान. परीक्षा संपल्यावर, मार्क दाखवायच्या आधी, स्क्रीन विचारायची की हा स्कोअर ठेवायचा की रद्द करायचा. रद्द केला तर तुम्हालाही कधीच कळणार नाही. मी माऊसवर हात ठेवून तशीच बसलेले, शेजारच्या मशीनचा पंखा घरघरत होता आणि हाताचा घाम माऊसला लागत होता. ठेवला. बहुतेक सगळेच ठेवत असणार. पण मार्क बघायच्या आधी स्वतःबद्दल मत विचारणारी ती एकच परीक्षा मी दिली.

टोफेलचं, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचं, वेगळंच. लाकडी पार्टिशनं, कानावर घट्ट बसणारे हेडफोन, आणि स्पीकिंग सुरू व्हायच्या आधी माईक तपासायला एक वाक्य, तुम्ही राहता त्या शहराचं वर्णन करा. सगळे वेगवेगळ्या वेळी आत गेलेले, त्यामुळे मी मन लावून पॅसेज वाचतेय आणि मागून, पुढून, डावीकडून एकेक जण एकदम आपल्या शहराचं वर्णन सुरू करतोय. माय सिटी इज व्हेरी ब्यूटिफुल. त्याला मार्क नव्हते, नुसता आवाज पोचतोय का बघायचं होतं, तरी लोक अगदी जीव ओतून सांगत होते, ज्या शहरातून निघायची एवढी खटपट चाललेली तेच शहर. भाचीने आता दिली ती परीक्षा घरात बसून, खोलीचं दार लावून, कॅमेऱ्यासमोर. कान दिसले पाहिजेत, हेडफोन नको, नजर स्क्रीनवरून इकडेतिकडे नको. बाहेर आली. मी विचारलं कशी गेली, तर म्हणाली, "मान आखडली."

मग एसओपी. याबद्दल मला बरंच बोलायचंय. माझ्या एसओपीचं पहिलं वाक्य 'लहानपणापासून मला' असं होतं आणि मला ते तेव्हा फार भारी वाटलेलं. लहानपणापासून मला काहीही नव्हतं. बारावीनंतर जिथे नंबर लागला तिथे गेले, दुसऱ्या वर्षाला एक बाई चांगल्या शिकवायच्या म्हणून तो विषय आवडला, आणि बरोबरच्या मैत्रिणी फॉर्म भरत होत्या म्हणून मीही भरला, हे खरं. पण हे खरं एका पानावर मांडून बघा, कोण घेईल? अर्जाला गोष्ट लागते आणि गोष्टीला सुरुवात लागते, म्हणून आपण मागे जाऊन एक सुरुवात शोधतो, कुठलातरी पाऊस, कुठलातरी मोडलेला रेडिओ, कुठलेतरी आजोबा. ब्रिटनमध्ये पदवीचे बहुतेक सगळे अर्ज यूकास नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात, त्यांनी २००७ मध्ये चोरलेला मजकूर हुडकायला ५०,००० अर्ज तपासून घेतले, तर त्यात २३४ जणांनी लिहिलेलं की आठव्या वाढदिवसाला मिळालेल्या केमिस्ट्री सेटने मी माझ्या पायजम्याला भोक पाडलं आणि तेव्हापासून मला विज्ञानाची गोडी लागली. २३४ पायजमे! ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती इतकी हसली की बास. मला मात्र त्या २३४ जणांची दया येते. कुणालातरी खरंच रसायनशास्त्र आवडत असणार ना, फक्त का ते सांगता येत नसणार. आता यूकासने २०२६ च्या प्रवेशापासून तो लांबलचक निबंध काढून तीन प्रश्न ठेवलेत, हा विषय का, आत्तापर्यंतच्या शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि बाहेर काय केलं, तिन्ही मिळून तेच ४,००० कॅरेक्टर, स्पेस धरून. बरं केलं. पायजम्याला जागा उरली नाही. अर्थात आता पायजम्याची गरजही नाही म्हणा, एआयला सांगितलं की तो प्रत्येकाला वेगळा मोडका रेडिओ शिवून देतो.

जर्मनीला असलं काही नको असतं. भाचीने तिकडचंही एक मोटिव्हेशन लेटर लिहिलंय, एक पान, कोरडं ठणठणीत, हे हे कोर्स केले, तुमच्याकडे हे हे मॉड्यूल आहे, म्हणून. मला ते तिन्हींत आवडलं. तिकडचे मार्कही उलटे, १.० म्हणजे सगळ्यात चांगलं आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, आणि आपले मार्क त्यात बसवायला एक फॉर्म्युला आहे. भाचीचे आले १.७. माझी ताई, म्हणजे तिची आई, दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, एवढी हुशार पोरगी आणि चारपैकी दीड-पावणेदोनच?

रेकमेंडेशनचं, म्हणजे सरांच्या शिफारसपत्राचं, मला अजून एक टोचतं. अमेरिकेतल्या अर्जात एक चौकोन असतो, हे पत्र पुढे बघण्याचा हक्क तुम्ही सोडता का? १९७४ चा तिकडचा कायदा आहे, त्यात विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघायचा हक्क दिला, आणि मग लगेच हा चौकोन आला, कारण मुलगा वाचणार म्हटल्यावर प्रोफेसर मोकळेपणाने लिहिणार नाही. हक्क सोडला नाहीत तर कमिटीला वाटणार हिला स्वतःच्या सरांवर भरवसा नाही. सगळे सोडतात. मीही सोडला. आमच्या वेळी तर ते पत्र पाकिटात यायचं, फ्लॅपवर सरांची आडवी सही आणि वर डिपार्टमेंटचा शिक्का, आणि ते पाकीट आपणच आपल्या हाताने दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून कुरिअर करायचं. आपल्याबद्दल दोन पानं लिहिलेली, हातात धरलेली, आणि उघडायची नाहीत. मी एक पाकीट ट्यूबलाईटसमोर धरून बघितलेलं. 'शी इज' एवढं दिसलं, पुढचं घडीत गेलेलं. शी इज काय, ते मला आजतागायत माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते सर गेले.

पैशाच्या कागदांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात रमण्यासारखं काही नाही. ब्रिटनला पैसे खात्यात सलग २८ दिवस पडून असलेले दाखवावे लागतात. जर्मनीला वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवायचे आणि तिथे पोचल्यावर त्यातलेच महिन्याला ९९२ आपल्याला परत मिळत राहतात, स्वतःच्याच पैशावर खाऊचा डबा लावल्यासारखे. हे आकडे हुशारी मोजत नाहीत, मागे किती माणसं उभी आहेत ते मोजतात. माझ्या वेळी वडिलांनी बँकेचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलं, टेबलावर ठेवलं आणि फोल्डरवरून एकदा हात फिरवला, कव्हरवर धूळ नसताना. त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीवर मी एक जेमतेम वाचता येणारी सही केली, कारण पेन नीट चालत नव्हतं. या एका गोष्टीवर कुणीच एसओपी लिहित नाही.

व्हिसाच्या खिडकीसाठी मी सगळ्यात जास्त सराव केला तो परत येण्याच्या उत्तराचा. आरशासमोर, मैत्रिणीसमोर, बाथरूममध्ये. आईवडील, घर, इथल्या संधी, असं सगळं एका दमात, न अडखळता, आणि पाठ केल्यासारखं न वाटता. आदल्या रात्री तर म्हणता म्हणता मला खरंच रडू आलं. खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं पैसे कोण देणार, मग विचारलं लॅबमध्ये नक्की काय करणार, मी अर्धवट सांगत असतानाच त्याने मान हलवली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. झालं. परत येण्याचं त्याने विचारलंच नाही. बाहेर ऊन होतं, लोक एकमेकांना विचारत होते काय विचारलं काय विचारलं, आणि माझ्या तोंडात ते न वापरलेलं उत्तर तसंच होतं. माझ्या मागची मुलगी, माझ्यापेक्षा कितीतरी चांगले मार्क, चांगली युनिव्हर्सिटी, तिला तो नकाराचा छापील कागद मिळाला, २१४(बी) वाला. त्यावर अपील नसतं. परत फी भरून परत रांगेत या. तिने कागदाची चौकोनी घडी घातली, मग अजून एक, मग अजून एक, इतकी लहान की मुठीत मावेल. तिला परत येण्याबद्दल विचारलं असेल का? आणि तिने काय सांगितलं असेल? माझ्यासारखंच, अजून काय.

मी आले परत. एसओपीत लिहिलेलं ते झालं नाही, त्या विषयात मी आता नाही. खिडकीत सांगायला ठरवलेल्या कारणांसाठीही आले नाही. थोडं फंडिंग संपलं, थोडा त्या विषयाचा कंटाळा आला, थोडं एका माणसाचं होतं जे इथे लिहिण्यासारखं नाही, आणि थोडं आईचं खरंच होतं. लोक विचारतात तेव्हा मी आईचंच सांगते, ऐकायला बरं वाटतं. माझ्याबरोबर गेलेल्यांपैकी जे अगदी शपथेवर परत येणार होते त्यातले बरेच तिकडेच आहेत, मुलंबाळं तिकडची झाली. आणि एक जण, ज्याने पहिल्या दिवशीच सांगितलेलं की मी काही आता येत नाही, तो सगळ्यात आधी परतला. कुणी कुणाला फसवलं म्हणायचं यात? बाविसाव्या वर्षी विचारलं होतं, बाविसाव्या वर्षाचं उत्तर दिलं.

आता भाचीचं वाट बघणं सुरू होईल. मेल येतो तो पण काय, 'तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे' एवढंच, मग लॉगिन करा, पासवर्ड चुकवा, परत टाका. काही ठिकाणी ॲडमिट असेल तर स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस पडतो. रिजेक्टला तो पडत नाही, त्यामुळे वाचायच्या आधीच कळतं. रिजेक्टचं पत्र मात्र सगळीकडून इतकं गोड येतं की राग काढायला जागा मिळत नाही, यंदा असामान्य संख्येने गुणवान अर्ज आले वगैरे, हे असामान्य वर्ष दर वर्षी येतं. फंडिंगसकट ॲडमिट आला तर अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला मुदत देतात, आणि जर्मनीतल्या कित्येक कोर्सेसची अर्जाची शेवटची तारीखच असते १५ जुलै. म्हणजे एकीला हो की नाही सांगून मोकळं व्हायचं आणि मग दुसरीला विचारायला जायचं. तिने याचा एक तक्ता केलाय, रंगीत, सेफ हिरवा, ॲम्बिशस लाल. ताईने तो प्रिंट काढून कपाटाच्या आतल्या बाजूला लावलाय.

काल तिने एसओपीची फाईल परत पाठवली. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य तिने स्वतःच घातलेलं, की पुढे मी शिकवेन, का फिल्डवर काम करेन, आणि कुठे, हे मला आत्ता ठरवता येत नाही, पण भेगांमधल्या पाण्याचा प्रश्न मी सोडणार नाही. कन्सल्टंटने त्यावर लाल रेघ मारून बाजूला लिहिलंय, कॉन्फिडन्स दिसत नाही, काढा. मी म्हटलं ठेव. ती म्हणाली, ठेवलं आणि त्यामुळेच रिजेक्ट आला तर? मी म्हटलं, तर कन्सल्टंटला सांग मावशीने ठेवायला लावलं. बराच वेळ वाद झाला, शेवटी वाक्य राहिलं पण 'आत्ता' हा शब्द ठळक केलेला तेवढा तिने साधा केला. ऑस्ट्रेलियाच्या फाईलला हात लावला नाही, तिथे १४९ शब्द झालेत, एकाचीही ये-जा परवडत नाही. अर्ज सबमिट व्हायला आता एकच गोष्ट अडलीये, एका सरांचं रेको अजून पोर्टलवर पेंडिंग दाखवतंय आणि डेडलाईन तिकडच्या रात्री ११:५९ ची आहे. आज परत मेल टाकला तर सर चिडतील, नाही टाकला तर विसरतील, आणि चिडून लिहिलं तर काय लिहिलं ते तिला कधी कळणार नाही, चौकोनावर टिक तर करून झालीये.